सीअर, ईईआर, सीओपी... एसी घेताना नक्की बघायचं काय?

घामाघूम:
मंडळी, दोन एसी बघून आलोय, दोन्ही २ टनाचे. एकाचा सीअर १५, दुसऱ्याचा २०, पण ईईआर दोघांचा ११ च्या आसपास, हे कसं काय? सेल्समन म्हणतो मोठा आकडा घ्या, विषय संपला. त्यात थंडीत रूम गरम करायची तर सीओपी ३ लिहिलंय, म्हणजे ३०० टक्के?? फुकटात वीज बनवतो की काय 😄

कंप्रेसरवाला:
ईईआर म्हणजे एक वॉट विजेत एसी तासाला किती बीटीयू (उष्णतेचं माप) खोलीबाहेर काढतो, त्याची बाहेर ३५ डिग्री ठेवून फुल लोडवर घेतलेली परीक्षा. २ टन म्हणजे तासाला २४००० बीटीयू, भागिले ११, म्हणजे २२०० वॉटच्या आसपास, दोघेही तेवढेच खाणार. सीअर मात्र त्याच हिशोबाची अख्ख्या सीझनची सरासरी, आणि सीझनभर काय रोज भट्टी पेटलेली नसते, संध्याकाळी वगैरे थोडंच कूलिंग लागतं तेव्हा इन्व्हर्टरवाला कंप्रेसर हळू फिरवतो आणि तिथे मार्क मिळवतो. तुमचा २० वाला इन्व्हर्टर असणार बघा.

सीओपी म्हणजे खाल्लेल्या विजेच्या किती पट उष्णता खोलीत येते ते. एसी उष्णता बनवत नाही हो, बाहेरची उचलून आत टाकतो, १ युनिट विजेत ३ युनिट हमाली. साध्या कॉइल हीटरचा सीओपी १ च. फक्त तो ३ बाहेर किती डिग्री असताना मोजलाय ते विचारा, सहसा ७-८ ला मोजतात, कडाक्याच्या थंडीत तो घसरतो.

बिलाचा_बळी:
अजून एक गंमत, सीअर १० वरून १५ ला गेलात तर वीज ३३ टक्के वाचते, पण १५ वरून २० ला २५ च टक्के आणि २० वरून २५ ला फक्त २०. उड्या ५-५ च्याच, पण वरच्या वर्गात नुसती किंमत पळते. आणि टन नीट काढा बाबा!! मी हौसेने मोठा घेतला, पाच मिनिटात रूम गार, खट् करून बंद, परत चालू, दिवसभर तेच, आणि चादर दमट ती दमटच. रेटिंग एकदम झकास होतं हां त्याचं.

घामाघूम:
बाप रे. पण आमच्याकडे फक्त दुपारी १ ते ४ लागतो, तेही रणरणत्या उन्हाचे दोन महिने. रात्री पंखा पुरतो.

कंप्रेसरवाला:
मग सीअर विसरा, ईईआर बघा, तो दोघांचा सारखाच. म्हणजे तुमच्या केसमध्ये १५ वालाच की.