मदत हवी आहे: कापल्याच्या खुणा नाहीत, तरी मूल स्वतःला इजा करतंय का हे कसं ओळखायचं?

शाळा_समुपदेशक_परळ
आठवी ते दहावीच्या मुलांसाठी काम करते. हातावर वार दिसले तर पुढे काय करायचं ते ठाऊक आहे. अडतं ते बाकीच्या बाबतीत: खपली धरू न देणं, भिंतीवर मुठी मारणं, मधुमेही मुलाने इन्सुलिन मुद्दाम चुकवणं, खोट्या खात्यावरून स्वतःलाच शिव्या लिहिणं. यात सवय कुठली आणि इजा कुठली, हे तज्ज्ञ कसं ठरवतात? मी काय विचारू?

मानसतज्ज्ञ_सायन
ताई, नुसत्या कृतीवरून ठरत नाही. हेतू काय होता आणि केल्यावर काय मिळालं, ते पाहावं लागतं.

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) आत्महत्येचा हेतू नसलेली स्वइजा 'अधिक अभ्यास हवा' या भागात आहे. वर्षभरात पाच किंवा जास्त दिवस, शरीराच्या पृष्ठभागावर मुद्दाम केलेली इजा, अशी ती अट. नुसती खपली काढणं आणि नखं खाणं त्यातून वगळलंय. इन्सुलिन चुकवणंही बसत नाही, कारण त्वचेला काही झालेलं नसतं. म्हणजे फक्त यादीवर खुणा करत गेलात तर तुमची निम्मी उदाहरणं हातून निसटतील. उलट क्लोन्स्की आणि ग्लेन यांची २००९ ची प्रश्नावली जखम भरू न देण्याबद्दल वेगळं विचारते आणि इजेमागची १३ कारणं तपासते: भावना आवरणं, स्वतःला शिक्षा, बधिरपणा घालवणं, इतरांना त्रास कळवणं वगैरे.

विचारताना सगळा इतिहास नको. शेवटचा एकच प्रसंग घ्या. त्याआधीच्या तासाभरात काय झालं? मनात कुठलं वाक्य आलं? ताण ० ते १० मध्ये किती होता, नंतर किती उरला? घरचे कसे वागले? ताण ९ वरून ३ वर येत असेल, किंवा 'माझी हीच लायकी' असं उत्तर आलं, तर ती इजा समजून पुढे पाठवा. नकळत हात जातो, त्वचा खडबडीत लागली म्हणून खाजवलं, थांबायचंय पण जमत नाही, असं असेल तर त्वचा ओरबाडण्याचा विकार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत. स्वमग्न मूल डोकं आपटत असेल तर आधी कान आणि दात दाखवून घ्या. दुखणं सांगता न येणारं मूल ते असंच दाखवतं.

शाळा_समुपदेशक_परळ
आणि मूल 'काही नाही' म्हणालं तर?

मानसतज्ज्ञ_सायन
'खूप ताण आला की काही मुलं स्वतःला मारतात, औषध टाळतात. तुझं असं कधी होतं का?' असं विचारा. नाही म्हणालं तर रेटू नका, त्याच आठवड्यातली पुढची भेट ठरवा. 'बाही वर कर' म्हणू नका. 'पुन्हा करणार नाही' असं लिहून घेण्याचा फायदा नाही, मूल फक्त लपवायला शिकतं.

मनोविकार_ओपीडी
दोन गोष्टींची भर घालतो.

मरणाबद्दल थेट विचारा: 'जगू नये असं वाटतं का? कसं, कधी, काही ठरवलंयस का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. मरण्याचा हेतू आज नसला तरी अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त असतो, म्हणून दर भेटीत विचारायचं. ठरवलेलं असेल तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या.

इन्सुलिनचं प्रकरण शाळेत अडवून ठेवू नका. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा) सतत चढतंय, वारंवार अ‍ॅडमिट व्हावं लागतंय, तर मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास दिसला तर थेट कॅज्युअल्टी.

बोलणं सुरू होण्याआधीच सांगा की जिवाला धोका असेल तर घरी कळवावं लागेल. लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आणि हे बोलणं शाळेतच, बंद दाराआड होऊ द्या. घरी दहा बाय दहाच्या खोलीत मुलाला एकांत कुठून मिळणार? पालकांना सांगताना मूल सोबत असावं. काय सांगायचं, हे दोघांनी आधी ठरवून घ्या.

मुंबईत केईएम, सायन, नायर या तिन्ही रुग्णालयांत मनोविकार ओपीडी आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं. पाठवताना चिठ्ठीत 'वर्तन समस्या' लिहू नका. शेवटचा प्रसंग, आधीचा आणि नंतरचा आकडा, मरणाच्या प्रश्नाचं उत्तर, एवढं मुलाच्या शब्दांत लिहून द्या.