धंद्यातला शब्द कागदावर उतरवायलाच हवा का?

म्हापशेकर:
गोव्यात धंदा ओळखीवर चालतो हे मान्य. तरी माझं ठाम मत आहे की उधारी किंवा भागी आली की व्यवहार लिहूनच ठेवावा. किनाऱ्यावर सीझनपुरती खानावळ उभारणाऱ्या शॅकवाल्यांना टेबल-खुर्च्या भाड्याने देणाऱ्याचंच घ्या. ऑक्टोबरात माल जातो आणि "पैसे सीझन संपल्यावर" असं ठरतं. सीझन संपला म्हणजे कधी? गिऱ्हाईक आटलं तेव्हा, की मे महिन्यात शॅक उतरवला तेव्हा? खाऱ्या वाऱ्याने खुर्ची गंजली तर खर्च कोणाचा? परवाना उशिरा मिळाला तर भाडं कुठच्या तारखेपासून? दोघेही प्रामाणिक असतात, पण प्रत्येकाने मनात धरलेलं उत्तर वेगळं असतं. भांडण तिथेच पेटतं.

पेडण्याचा काजूवाला:
पटलं नाही. बागायतदाराकडून काजूची बाग सीझनपुरती घ्यायची ती शब्दावरच. वडिलांच्या काळापासून तीच घरं आहेत. मी कागद पुढे केला तर "आता माझ्यावर विश्वास ना?" म्हणून तो बाग दुसऱ्याला देईल. १८७२ चा करार कायदाही तोंडी करार मानतोच की! आणि बुडवणारा सही करूनही बुडवतो. कोर्टाची वर्षं आणि वकिलाची फी आम्ही कुठून आणायची?

फोंड्याची वकील:
तोंडी करार चालतो, पण तो सिद्ध करताना साक्षीला कोण उभं राहणार? तुमचा भाऊ आणि त्याचा भाऊ. शिवाय सगळीकडे शब्द चालतही नाही. वर्षाहून जास्त मुदतीचा दुकानाचा भाडेकरार नोंदवावाच लागतो, म्हणून तर सगळे अकरा महिन्यांचे करार करतात. भागीची फर्म नोंदलेली नसेल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे तिला करारावरून गिऱ्हाइकावर वसुलीचा दावाच लावता येत नाही. आणि आपल्या गोव्यात मालमत्ता बहुधा नवराबायकोची सामाईक असते. नवऱ्याने जमीन विकायचा शब्द दिला तरी बायकोच्या सहीशिवाय व्यवहार होत नाही.

कुंकळ्ळीचा कारखानदार:
वकीलबाय, दुसरी बाजूही सांगा. माझ्यासारख्या उद्यम नोंदणीवाल्या (म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीतल्या) लहान उत्पादकाला लेखी करार नसला तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. लेखी केला की मोठा खरेदीदार ४५ दिवस लिहून घेतो, कायद्याची कमाल मर्यादा तेवढीच. मग कागदाचा फायदा कोणाला झाला? मला चलनावर माल पोचल्याची सही पुरते.

म्हापशेकर:
पण ती चलनावरची सही म्हणजे लिखापढीच झाली ना! मीही स्टॅम्प पेपरचा हट्ट धरत नाही. बोलणी झाल्यावर व्हॉट्सअॅपवर "दर असा, तारीख अशी, मोडतोड तुमच्याकडे, बरोबर ना?" एवढं पाठवा आणि त्याचं "होय" येऊ द्या.

फोंड्याची वकील:
चालेल, फक्त तो फोन सांभाळा. नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात भागत नाही, सोबत तो कुठच्या फोनमधून कसा घेतला याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि उधारी वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावायचा असतो. ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने "एवढे देणं आहे" असं सहीनिशी लिहून दिलं, तर तिथून मुदत नव्याने मोजतात. "देतो रे, देतो" म्हणाला, त्याने काही होत नाही.

पेडण्याचा काजूवाला:
हे तीन वर्षांचं माहीत नव्हतं. बियांचं वजन आणि दर वहीत लिहून दोघांच्या सह्या घेईन, त्यात कोणाला राग यायचं कारण ना. पण बागेचा शब्द मी शब्दच ठेवणार.