डूहानचा अंगठा आणि करूळ घाट

कणकवलीकर, भाचा करूळ घाट भन्नाट उतरतो म्हणून त्याला मोटरसायकल रेसिंगमध्ये घालायचं म्हणताय, आणि वर ‘या धंद्यात जिगर असली की झालं’ असंही. जिगर लागतेच हो. पण ऑस्ट्रेलियन मोटरसायकल रेसर मिक डूहानचं करिअर बघा.

१९९२ साली ५०० सीसीच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या गटाच्या जागतिक स्पर्धेत गुणतक्त्यात तो बराच पुढे होता. नेदरलँड्समधल्या असेनच्या ट्रॅकवर सरावात पडला, उजवा पाय मोडला, उपचार बिघडले, पाय कापायची वेळ आली. रेसर्सवर उपचार करणाऱ्या डॉ. कोस्टांनी त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले, डाव्यातलं रक्त उजव्याला मिळावं म्हणून! त्याच मोसमात तो परत गाडीवर बसला, तरी विजेतेपद प्रतिस्पर्धी वेन रेनीने नेलं, अवघ्या ४ गुणांनी. उजवा पाय मागच्या ब्रेकला पुरेना, तेव्हा डाव्या अंगठ्याने दाबायचा ब्रेक बसवून घेतला. मग १९९४ ते १९९८ सलग ५ जगज्जेतेपदं. आज मोटोजीपीतले, म्हणजे त्याच जागतिक स्पर्धेच्या आताच्या वरच्या गटातले, धडधाकट रायडरही अंगठ्याचा ब्रेक वापरतात.

म्हणजे जिगरीला डोक्याचीही जोड लागते. आता भाचा. घाटात वळणावर समोरून एसटी येते, पावसात दरड. तिथे वेग शिकायचा नसतो. ट्रॅकवर तेच वळण शंभरदा घेता येतं, आणि पडलंच तर बाहेर मोकळी जागा असते. त्यासाठी चेन्नई नाहीतर कोइम्बतूर गाठावं लागेल. टायर, लेदर सूट, प्रवास, सगळा खर्च सुरुवातीला घरचाच.

आणि आधी ताईंना विचारलंत का? पोरगा त्यांचा आहे.