ट्रीटमेंट संपली, पण धाकधूक? अनुभव सांगा (गोवा)

मैत्रिणींनो, ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपली की घरचे म्हणतात सुटलीस एकदाची. आणि आपल्या डोक्यात, परत आला तर? तुम्ही कसं निभावता ते मोकळेपणी लिहा. गोमूत्र-हळदीचे सल्ले नकोत प्लीज.

फोंड्याची काकी:
माझी मॅमोग्राफी नेमकी चवथीच्या तोंडावर येते. बाहेर माटोळीची (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची आरास) गडबड, कांगलां (त्यातली रानफळं) कोण आणतोय म्हणून आरडाओरडा, आणि मी बाथरूमला कडी लावून टाक्यांची जागा चाचपतेय. एकदा बघून समाधान होत नाही, परत बघते, मग दाबून दाबून तिथे दुखायलाच लागतं आणि दुखतंय म्हणून आणखी घाबरते!! बांबोळीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्यातून एकदा बघायचं, बाकी दिवस हात लावायचा नाही. जमतं असं नाही, पण कमी झालंय.

म्हापशाहून:
पाच वर्षं झाली की गंगेत घोडं न्हालं असं सगळे समजतात. हार्मोन पॉझिटिव्हवाल्यांचं (म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर) तसं नसतं हो, नंतरही येऊ शकतो, म्हणून तर काहींना टॅमॉक्सिफेन, ही हार्मोन अडवायची गोळी, 10 वर्षं देतात. माझ्या नणंदेचा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू न पडणारा, तिला सुरुवातीची वर्षंच जास्त धोक्याची होती, आता ती निवांत आणि मी अजून गोळीवर. हेवा वाटतो तिचा, तिला कळवू नका.

काणकोणकर (नवरा लिहितोय):
बायकोचं फॉलोअप मुंबईला टाटात. कोकणकन्येत ती रात्रभर टक्क जागी, मी झोपेचं सोंग घेऊन पडलेला. पेट स्कॅन करा, पैसे भरतो म्हटलं तर डॉक्टर नाही म्हणाले, त्रास काही नसताना स्कॅन आणि मार्कर (कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) करून आयुष्य वाढत नाही, उगाच भलता संशय निघतो आणि बायोप्सीपर्यंत जातं. पटलं, पण पचायला वेळ लागला.

डिचोली:
लेट्रोझोल (हीसुद्धा हार्मोनचीच गोळी) चालू आहे. सांधे धरतात ते गोळीनेच हे पाठ आहे, तरी कंबर दुखली की पहिलं मनात येतं, हाडात गेला. आता नवीन दुखणं दोन आठवडे हटलं नाही तरच डॉक्टरांना फोन असं ठरवलंय, नाहीतर रोजच केला असता. काकी, रिपोर्ट आणायला तुम्ही एकट्या जाता का? माझा सोमवारी आहे, लेकाला अजून सांगितलेलं नाही.

फोंड्याची काकी:
लेकाला सांग गं. नाहीतर मी येते, बस धरून.