मदत हवी आहे: जर्मनीतली खिडकी हिवाळ्यासाठी घट्ट कशी करायची?

भाड्याचं घर आहे. खिडक्या प्लॅस्टिक चौकटीच्या, दुहेरी काचेच्या. हँडल आडवं केलं की पल्ला दारासारखा आत उघडतो, वर केलं की वरून कलतो. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून गार वारा येतो. ए-फोर कागद पल्ल्यात धरून खिडकी बंद केली, तर हँडलच्या बाजूला तो ओढताना फाटतो, त्या कोपऱ्यातून मात्र अलगद निघतो. पल्ल्याच्या कडेला षटकोनी खाचेच्या गोल पिना आहेत. त्या फिरवायच्या का? कुठल्या दिशेने?

प्रतिसाद १
कागदाची चाचणी केलीत ते उत्तम, कारण हँडलकडे दाब पुरेसा आहे हे त्यातून कळलं. तिकडच्या पिनांना हात लावू नका. पिनेचं डोकं आसाच्या मध्यावर नसतं, म्हणून ती फिरवली की डोकं सरकतं: खोलीकडे सरकलं तर पल्ला घट्ट, रस्त्याकडे सरकलं तर सैल. सगळा फरक जेमतेम मिलिमीटरभराचा. बहुतेक ठिकाणी ४ मिमीची ॲलन की लागते, काही पिनांना टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेची की).

तुमच्या कोपऱ्यात बहुधा पिनच नसेल. तिथे खालची बिजागरी पाहा. टोपण काढलं की वरचा स्क्रू पल्ला वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. काही बिजागऱ्यांत दाबाचा वेगळा स्क्रूही असतो. पाव फेरा द्या, बंद करा, पुन्हा कागद लावा. पल्ला उघडा असताना हँडल कलत्या स्थितीत नेऊ नका. वरची बिजागरी सुटते आणि सगळं वजन खालच्या एकाच बिजागरीवर येतं.

प्रतिसाद २
त्याआधी खिडकीच्या कडेची फट बंद करणारं रबर तपासा. बोटाने दाबल्यावर ते परत फुगत नसेल तर स्क्रूने काही साधणार नाही. साबणाच्या पाण्याने पुसा, सिलिकॉनचा स्प्रे किंवा ग्रीस लावा. खनिज तेलाचं ग्रीस नको, ईपीडीएम (खिडक्यांना सहसा वापरतात ते कृत्रिम रबर) त्याने फुगून खराब होतं. नवं घ्यायचं तर जुन्याचा तुकडा नमुना म्हणून न्या, आणि बसवताना ताणू नका; नंतर आखडून कोपऱ्यात फट पडते. चौकटीची खालची पाणी जायची भोकं कधीही बुजवू नका.

पिना घट्ट केल्या असतील तर एप्रिलमध्ये पुन्हा सैल करा. वर्षभर दाबलेलं रबर चपटंच राहतं.

धागाकर्ता
रबर ठीक आहे. घरमालकाला सांगावं लागेल का? बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे.

प्रतिसाद १
सांगाच. दोष दिसला की लगेच कळवणं भाडेकरूवर बंधनकारक आहे (बीजीबी, म्हणजे जर्मन नागरी कायदा, कलम ५३६ सी), आणि दुरुस्ती सहसा त्यांच्याकडेच असते. गिझर ज्वलनाची हवा खोलीतूनच घेत असेल, तर खिडक्या घट्ट करण्याआधी शोर्नस्टाइनफेगरला (धुराडी आणि गॅसची उपकरणं तपासणारा अधिकृत माणूस) विचारा. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. हे टाळू नका, कळकळीने सांगतोय.

प्रतिसाद २
घट्ट केल्यावर घरातली दमट हवा अडकते. दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडा, ५ ते १० मिनिटं. दिवसभर कलती ठेवली तर भोवतालची भिंत गार पडून तिथेच बुरशी धरते.