‘परवानगी नाही’ एवढ्यावर भागतं म्हणे!

घणसोलीकर: काल काठीसाहेबांनी लिहिलं की डेटाबेसनं क्वेरी (डेटा मागायची वा बदलायची आज्ञा) अडवली तर ‘परवानगी नाही’ एवढंच म्हणावं, कारण हवं असेल त्यानं मॅन्युअल उघडावं. डोकं सणकलं. मायएसक्यूएल डेटाबेसचा ११७५ नंबरचा एरर मेसेज बघा: सेफ अपडेट मोड (चुकून सगळं टेबल बदलू न देणारी सोय) चालू आहे आणि तुमच्या व्हेअरमध्ये (कुठल्या ओळी ते सांगणाऱ्या अटीत) की कॉलम (इंडेक्स असलेला रकाना) नाही. वाचला की पुढे काय करायचं ते कळतं. त्याजागी नुसतं ‘नाही’ आलं असतं, तर नवीन पोरगी दुपारभर ग्रँट (कोणाला काय अधिकार दिलेत ते) तपासत बसली असती.

सर्व्हरची काठी: ओरॅकल डेटाबेसचा ००९४२ (‘असं टेबल नाही’ हा मेसेज) मुद्दामच तसा आहे. टेबल नसो वा तुम्हाला अधिकार नसो, उत्तर एकच. उपऱ्याला ‘टेबल आहे, पण तुझ्यासाठी नाही’ हे तरी का कळावं? आणि उपाय सांगितल्याचे परिणाम मी भोगलेत. कॅसँड्रा (हाही डेटाबेसच) क्वेरी अडवते आणि म्हणते, वेगाची खात्री नाही, तरी चालवायचीच तर ‘अलाऊ फिल्टरिंग’ (डेटा चाळत बसायची मुभा) लावा. महापेच्या ऑफिसात एकानं लावलं, थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या चालू सिस्टिमवर. निस्तरेपर्यंत शेवटची ट्रान्स-हार्बर लोकल गेली.

माजिवडा नाका: रात्री उशिरा थांबवतात आणि कॅब नाही! रिक्षावाला ठाण्याला यायचे तोंडाला येतील ते मागतो. यावर कोणी धागा काढत नाही.

कोपरीची ताई: कॅब राहू द्या. प्रॉडक्शनचा अ‍ॅक्सेस त्याला दिला कोणी?

सर्व्हरची काठी: मॅनेजरनं. क्लायंट ओरडत होता.

घणसोलीकर: म्हणजे अ‍ॅक्सेस वरून वाटला आणि खापर मेसेजवर!

सर्व्हरची काठी: तुम्ही डेव्हलपर लोक झोपा, फोन डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, येतो. तेव्हा शहाणपण नको.

कोपरीची ताई: चिडू नका. पण कॅसँड्रानं ‘पार्टिशन की (डेटा कुठल्या भागात आहे ते ठरवणारा रकाना) दिलेली नाही’ हे आधी म्हणायला हवं होतं. तिनं एकच वाट दाखवली, तीही खड्ड्याची. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मेसेज, डिटेल, हिंट वेगळे असतात. डिटेलमध्ये घडलं ते, हिंटमध्ये सल्ला, आणि सल्ला चुकूही शकतो हे गृहीत धरलेलं.

सर्व्हरची काठी: बरं बाई, ज्याला टेबल दिसतंच त्याला कारण सांगा. ००९४२ला हात लावायचा नाही.

घणसोलीकर: लावत नाही, महाराज. निदान खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) तरी टाका.

सर्व्हरची काठी: आणि तो लॉग रात्री दोनला उघडणार कोण? तुम्ही?

माजिवडा नाका: दोनला तर रिक्षाही नसते.