मदत हवी आहे: ध्रुवावरची जानेवारी 2009 ची उलथापालथ अलिबागच्या चुंबकीय नोंदीत कशी शोधायची?

खाडीकाठ (रत्नागिरी)
एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. 24 जानेवारीच्या सुमारास 60 अंश उत्तरेला, 10 हेक्टोपास्कलवर (साधारण 30 किमी) पश्चिमी वारा उलटला, ध्रुवीय भोवरा (ध्रुवाभोवती फिरणारे हिवाळी वारे) दुभंगला, स्थितांबर (साधारण 10 ते 50 किमीचा थर) तापलं, इथवर समजलं. मग त्यावरचं मध्यांबर (साधारण 50 ते 85 किमी) त्याच वेळी थंड का पडतं? आणि अलिबागच्या वेधशाळेतल्या चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज (आडव्या) घटकाची मासिक सरासरी काढली, त्यात काहीच वेगळं दिसत नाही.

उधाण
मध्यांबराचं आधी. एरवी हिवाळ्यात स्थितांबरातला पश्चिमी वारा गाळणीसारखा असतो. पूर्वेकडे जाणाऱ्या गुरुत्व लहरी (आइन्स्टाइनवाल्या नव्हेत, डोंगरांवरून नि वादळांतून उठणाऱ्या) त्यात अडकतात, पश्चिमेकडच्या वर पोचून फुटतात. त्यांच्या रेट्याने हवा ध्रुवाकडे सरकून खाली उतरते, दाबली जाते, तापते. खालचा वारा फिरला की नेमक्या याच लहरी अडतात. उतरणं थांबतं, हवा वर चढू लागते आणि प्रसरण पावून थंड होते.

आता अलिबाग. ते 18.6 अंशावर, विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेटच्या (चुंबकीय विषुववृत्तावर साधारण 100 किमी उंचीवर दिवसा वाहणारा वीजप्रवाह) पट्ट्याबाहेर. एकट्या अलिबागेवर भागणार नाही. त्या पट्ट्यातल्या तिरुनेलवेलीची तासातासाची नोंद घ्या. दोन्हींतून आपापली मध्यरात्रीची पातळी वजा करा, मग तिरुनेलवेली उणे अलिबाग. वलयप्रवाहाचा (पृथ्वीभोवती अवकाशात दूरवर वाहणारा वीजप्रवाह) परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखा, तो बराचसा कटतो. वजाबाकी एकाच जागतिक वेळेला करा. स्थानिक वेळ फक्त आलेखाच्या अक्षावर. अलिबागची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या 38 मिनिटं मागे, तिरुनेलवेलीची 19, इथे हमखास गोंधळ होतो.

मासिक सरासरी मात्र नकोच, त्यातच सगळं पुसलं गेलंय. दिवस एकाखाली एक मांडा. सकाळी इलेक्ट्रोजेट जोरात, दुपारी शून्याखाली (म्हणजे उलटा), असं दिसायला हवं.

खाडीकाठ
दिसलं! पण 26 ला अमावस्या होती. मग हे चंद्राचं म्हणायचं की ध्रुवाचं?

उधाण
दोघांचंही. वातावरणातही चंद्राची 12.42 तासांची भरती असते, एरवी दुबळी. ध्रुवाच्या उलथापालथीने मधल्या थरांतले वारे बदलले की ती फुगते, आणि तिचे वारे वर पोचून इलेक्ट्रोजेट बदलतात. म्हणून दुपारचा उलटा प्रवाह रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो, मांडवीच्या भरतीइतकाच. ठरावीक सौर वेळेला तिचा फेरा 14.77 दिवसांत पुरा होतो, त्यामुळे महिन्याच्या सरासरीत ती उरत नाही.

पडताळणीसाठी त्याच हिवाळ्यातल्या, भोवरा शाबूत असतानाच्या अमावस्या-पौर्णिमा शेजारी ठेवा. केपी (चुंबकीय खळबळीचा 0 ते 9 निर्देशांक) 3 च्या वर गेलेले दिवस गाळा. 2009 ला सूर्य शांत होता म्हणून सोपं जातंय. जानेवारी 2013 ची उलथापालथ घेणार असाल तर सूर्याच्या किरणोत्सर्गातल्या फरकाची दुरुस्ती केल्याशिवाय तुलना करू नका.